लेन्स एवढी महाग का असते?

कॅननची ५० एमएम एफ १.८ एसटीएम (एफचा आकडा जितका लहान तितका लेन्समधून जास्त प्रकाश आत येतो) काही हजारांत मिळते आणि आरएफची, म्हणजे कॅननच्या नव्या कॅमेऱ्यांवर बसणारी ५० एमएम एफ १.२ घ्यायची म्हटली की थेट लाखाच्या पुढे, मग लोक म्हणतात नुसते ब्रँडचे पैसे घेतात, पण मला ते अजिबात पटत नाही. स्वस्तवालीत ६ काचा आहेत आणि वजन १६० ग्रॅम, महागवालीत १५ काचा आणि ९५० ग्रॅम, त्यात काही अ‍ॅस्फेरिकल, म्हणजे त्यांचा आकार साध्या गोलाचा नसतो, त्या घडवायला आणि तपासायला जास्त कष्ट पडतात. शिवाय अशा लेन्सचा खप कमी, त्यामुळे डिझाइन आणि मशिनरीचा सगळा खर्च थोड्याच नगांवर बसतो. खरं कारण हेच आहे असं माझं मत.

त्यात बाजारच आटला ना. २०१० मध्ये जगभरात १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे गेले होते, २०२० मध्ये १ कोटीसुद्धा नाही! मोबाइलने साधे कॅमेरे संपवले, आता जो गंभीरपणे फोटो काढतो त्याच्याच जिवावर कंपन्या चालणार.

म्हणून माउंटचं, म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स जिथे बसते त्या जोडाचं महत्त्व एवढं, तो बंद ठेवला की दुसऱ्या कंपन्यांना त्यासाठी लेन्स बनवणं अवघड. सोनीने २०११ मध्येच आपल्या ई माउंटची माहिती इतर कंपन्यांना दिली, कॅननने मात्र आरएफ बराच काळ बंद ठेवला आणि २०२४ मध्ये सिग्मा, टॅमरॉनला परवानगी दिली तीही एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांच्या लेन्सपुरती. सिग्मा तर आजही जपानमध्ये आयझूच्या एकाच कारखान्यात लेन्स बनवते आणि तरी भाव आवाक्यात ठेवते, मला या कंपनीबद्दल मनापासून आदर आहे. कॅननवाल्यांनो, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यांसाठी आरएफ पण उघडा राव, विद्यार्थ्यांना परवडेल असं काहीतरी मिळू दे.