तुम्ही विचारलंत म्हणून : हर्पिस कशाने होतो, कशाने होत नाही

पुण्यात त्वचारोगांवर उपचार करताना मला वारंवार विचारला जाणारा प्रश्न असा, की "डॉक्टर, हे बरोबर राहणाऱ्यांना लागेल का?" गेल्या पावसाळ्यात तो सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीने विचारला. तिच्या ओठाच्या कडेला पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका उठला होता. याला कोणी ताप फुटला म्हणते, कोणी रात्री झुरळ चाटले म्हणते आणि विषय तिथेच संपतो. परंतु खोलीतल्या एकीने मोबाइलवर 'हर्पिस' हा शब्द वाचला, आणि त्या दिवसापासून हिची बादली, मग आणि कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा वेगळी झाली.

बादलीने हर्पिस होत नाही. हर्पिस ज्या विषाणूमुळे होतो, त्याच्याभोवती स्निग्ध पदार्थाचे नाजूक आवरण असते. शरीराबाहेर ते फार टिकत नाही आणि साबणाने तर लगेच विरघळते. शिवाय आत शिरण्यासाठी त्याला तोंडाचे किंवा जननेंद्रियाचे ओलसर अस्तर, अथवा त्वचेवरची एखादी चीर लागते. म्हणूनच टिळक टँकसारख्या पोहण्याच्या तलावाच्या पाण्यातून, पीएमपी बसच्या दांड्यावरून, मेसच्या धुतलेल्या ताटातून किंवा संडासाच्या भांड्यावरून तो कोणाला लागत नाही. फोड ओला असेपर्यंत आपला लिपबाम आणि उष्टा पेला दुसऱ्याला देऊ नये, फोडाला हात लागल्यास तो धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नये, एवढी काळजी पुरेशी आहे.

तो लागतो त्वचेला त्वचा भिडल्याने. या विषाणूचे दोन प्रकार आहेत. पहिला बहुतेकांना लहानपणीच, मायेने घेतलेल्या पाप्यांतून मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ५० वर्षांखालील सुमारे ३८० कोटी माणसांच्या, म्हणजे साधारण ६४ टक्क्यांच्या शरीरात तो आहे. दुसरा प्रकार मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो. मात्र ओठावरचा पहिला प्रकारही मुखमैथुनातून जननेंद्रियावर जातो, हे अनेक सुशिक्षित जोडप्यांना ठाऊक नसते.

सर्वांत जास्त वेळ मला ज्यावर बोलावे लागते ती गोष्ट वेगळीच आहे. फोड बरा झाला तरी विषाणू जात नाही. तो मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दबून राहतो आणि अधूनमधून, काहीही दिसत नसताना, त्वचेवर येऊन जातो. त्या दिवशीही लागण होऊ शकते, आणि ज्याच्याकडून ती होते त्याला स्वतःला विषाणू असल्याचे बहुधा माहीतच नसते. लग्नानंतर कित्येक वर्षांनी पत्नीला पहिला फोड आला, म्हणून तिच्या रक्ततपासणीचा कागद पुढे ठेवून "हे कोणाकडून आले?" असे विचारणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. तो कागद प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रथिने, आहेत एवढेच सांगतो. लागण केव्हा झाली आणि कोणाकडून, हे त्यातून कळत नाही. विषाणू तिच्या शरीरात लग्नाआधीपासून असू शकतो, तसाच तो नवऱ्याच्याही असू शकतो. केवळ त्या कागदावरून कोणाच्या चारित्र्यावर बोट ठेवणे हा अन्याय आहे, आणि तो माझ्यासमोर घडू नये यासाठी मी दोघांना एकत्र बसवून हे सांगते. कंडोमने धोका कमी होतो, पूर्णपणे टळत नाही. रोज घ्यायच्या विषाणूरोधक गोळ्यांनी तो आणखी कमी होतो. फोड असताना, किंवा तो येण्यापूर्वीची चुणचुण जाणवताच, संबंध टाळावेत.

नागिणीलाही 'हर्पिस झोस्टर' म्हणतात, पण तिचा येथे संबंध नाही. ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते.

एका ठिकाणी मात्र मी निष्ठुरपणे कडक वागते. नवजात बाळामध्ये हा विषाणू मेंदू आणि यकृतापर्यंत पोहोचू शकतो. ओठावर फोड असलेल्या आजीने किंवा मावशीने बारशाला जरूर यावे, परंतु बाळाचा पापा घेऊ नये, मग कोणाला राग आला तरी चालेल. आणि गरोदर स्त्रीला जननेंद्रियावर, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, पहिल्यांदाच फोड आले, तर तिने संकोच न करता त्याच दिवशी आपल्या प्रसूतितज्ज्ञांना सांगावे, कारण प्रसूती कशी करायची याचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.