नजरेच्या टप्प्यात, हाकेच्या अंतरावर

मॉर्मन मिशनरी म्हटलं की पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नावपट्टी लावलेले दोन तरुण डोळ्यांसमोर येतात. ते दार वाजवतात, आपण नको म्हणतो, ते शेजारच्या दाराकडे वळतात. बहुतेकांची ओळख तिथेच संपते. त्यामुळे दोन वर्षं ही मुलं दारंच वाजवत फिरतात असा समज होतो. खरं तर या मुलांना घडवणारी गोष्ट त्या दारातच दिसत असते आणि तरी आपल्या लक्षात येत नाही. ते कधीच एकटे नसतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. मॉर्मन म्हणजे ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या चर्चचे अनुयायी. या चर्चचं मुख्यालय अमेरिकेत यूटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. जगभरात ७० हजारांहून जास्त तरुण मिशनरी एका वेळी काम करत असतात. मुलांचा कालावधी २४ महिने, मुलींचा १८. ऑक्टोबर २०१२ मध्ये वयाची अट खाली आली, मुलांची १९ वरून १८ आणि मुलींची २१ वरून १९. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुलींचीही १८ झाली. म्हणजे आता मुलगा बारावी होतो आणि थेट निघतो. स्वतःचं जेवण, कपडे, पैसे कधीही एकट्याने न सांभाळलेला मुलगा. कुठे जायचं हे त्याच्या हातात नसतं. तो अर्ज भरतो, बिशपकडे, म्हणजे स्थानिक चर्चच्या प्रमुखाकडे, मुलाखत देतो, वैद्यकीय आणि दातांची तपासणी करतो. पुढे मुख्यालयातून पत्र येतं, त्यात देश आणि भाषा लिहिलेली असते. पगार शून्य. उलट अमेरिकेतल्या कुटुंबाला किंवा स्वतः मुलाला जुलै २०२० पासून महिन्याला ५०० डॉलर भरावे लागतात. मुलगा टोकियोला जावो की पेरूला, रक्कम तीच. हे मला फार योग्य वाटतं, कारण महागड्या शहरात नेमणूक झाली म्हणून कुणाच्या आईवडिलांवर जादा बोजा पडत नाही.

पत्र आलं की बरेच जण यूटातल्याच प्रोव्हो शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात जातात. नवी भाषा शिकायची असेल तर मुक्काम साधारण सहा ते नऊ आठवड्यांचा. आता त्याची सुरुवात घरूनच ऑनलाइन होते. व्याकरणाचा डोंगर आधी चढायचा नसतो. पहिल्या काही दिवसांतच त्या भाषेत प्रार्थना म्हणायची आणि मोडक्यातोडक्या वाक्यांत श्रद्धेबद्दल बोलायचं. भाषा लवकर तोंडात बसते ती यामुळेच. आणि जोडीदार, म्हणजे सोबत राहणारा आणि काम करणारा दुसरा मिशनरी, मिळतो तोही इथेच, पहिल्या दिवशी.

नियम असा की जोडीदार कायम नजरेच्या टप्प्यात आणि हाकेच्या अंतरावर असला पाहिजे. न्हाणीघर सोडून, आणि मिशन अध्यक्षांची, म्हणजे त्या भागातल्या मिशनऱ्यांच्या प्रमुखांची, खासगी मुलाखत सोडून. झोपायचं एकाच खोलीत, वेगवेगळ्या पलंगांवर. दुकानात एकाला दूध आणि दुसऱ्याला दाढीचं सामान हवं असेल तर दोघांनी आधी दुधाकडे जायचं आणि मग दाढीच्या सामानाकडे. जोडीदार निवडता येत नाही. ठरवतात मिशन अध्यक्ष, आणि दर सहा आठवड्यांनी बदल होऊ शकतो. या बदलाला सगळे ‘ट्रान्सफर’ म्हणतात. हॉस्टेलचा रूममेट आवडला नाही तर आपण लायब्ररीत जाऊन बसतो, मित्राच्या खोलीवर झोपतो. इथे ती पळवाटच नाही.

नियमामागे सुरक्षिततेचा विचार आहे, हे उघड आहे. परक्या शहरात एकटं पोर फिरू नये, कुणाच्या घरात एकटं अडकू नये, कुणावर खोटा आळ येऊ नये. पण मोठं होण्याच्या दृष्टीने त्याचा परिणाम वेगळाच होतो. भांडण झाल्यावर अबोला धरून दिवस काढता येत नाही, कारण तासाभराने त्याच माणसाबरोबर कुणाच्या तरी बैठकीत बसून प्रेमाबद्दल बोलायचं असतं. समोरच्याला ताण लगेच कळतो. एक जण बोलत असताना दुसरा मोबाइलकडे किंवा खिडकीबाहेर पाहत बसला की भेट वाया गेली.

नव्या मिशनऱ्याचा पहिला प्रत्यक्ष जोडीदार हा त्याचा ‘ट्रेनर’. हे प्रशिक्षण १२ आठवड्यांचं, म्हणजे दोन ट्रान्सफरचं. ट्रेनरही जेमतेम १९-२० वर्षांचा असतो. इथे नेहमी होणारी चूक एकच. ट्रेनर सगळं स्वतःच बोलतो, कारण त्याला भाषा येते आणि नव्याला येत नाही. नवा मुलगा बाजूला मान डोलावत बसतो, आणि १२ आठवडे संपल्यावर दुसऱ्या कुणाबरोबर टाकला की गडबडतो. चांगला ट्रेनर दुसऱ्याच दिवशी सांगतो, ‘पुढच्या दारात तू बोल.’ वाक्य चुकलं तर तो तिथे दुरुस्त करत नाही, रस्त्यावर आल्यावर करतो.

दिवस साडेसहाला सुरू होतो आणि साडेदहाला दिवा बंद. उठल्यावर अर्धा तास व्यायाम, मग आंघोळ, नाश्ता, एकट्याचं वाचन आणि दोघांचा एकत्र अभ्यास. पूर्वी दहा वाजता घराबाहेर पडणं सक्तीचं होतं. २०१७ पासून वेळापत्रक थोडं सैल झालं, कारण सगळ्या देशांत लोक एकाच वेळी भेटत नाहीत. रोजची आखणी, भेटींची यादी, एखादी भेट रद्द झाली तर त्या वेळी काय करायचं हेही आधीच लिहून ठेवायचं. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. भेटी रद्द होतातच. पर्यायी बेत नसला की दोघं बाकावर बसून राहतात, आणि मरगळ येते ती तिथूनच.

आता आठवड्याची आखणी. आठवड्यातून एकदा दोन्ही पोरं टेबलाशी बसून ज्यांना शिकवत आहेत त्या प्रत्येकाचा विचार करतात. कोण काय वाचतंय, कोण रविवारी चर्चमध्ये येऊ शकेल, कुणाला मदत हवी आहे. हे सगळं झालं की शेवटी जोडीचा आढावा. याचा क्रम ठरलेला आहे. आपल्या जोडीत काय चांगलं चाललंय ते आधी बोलायचं. एकत्र काम करण्यात काय आडवं येतंय ते मग. जोडीदाराचे गुण त्याला तोंडावर सांगायचे. आणि त्यानंतर विचारायचं, ‘मी कशात सुधारावं असं तुला वाटतं?’ शेवटी प्रार्थना.

कागदावर हे अगदी सोपं दिसतं. प्रत्यक्षात अठरा वर्षांच्या मुलाला ‘तू घोरतोस’ हे सांगता येतं, पण ‘तू माझं वाक्य मध्येच तोडतोस तेव्हा मला अपमान वाटतो’ हे सांगता येत नाही. आढावा फसतो तो दोन प्रकारे. एकतर दोघं ‘सगळं ठीक आहे’ म्हणून दोन मिनिटांत उरकतात, आणि साठलेलं सगळं पाचव्या आठवड्यात भांड्यांवरून बाहेर पडतं. नाहीतर आढाव्याची तक्रारपेटी होते. म्हणून सूचना विचारून घ्यायची, आपणहून द्यायची नाही, हा क्रम मोडू नये. मागितलेली सूचना माणूस ऐकतो. आणि उत्तर ऐकल्यावर खुलासा न करता फक्त ‘बरं’ म्हणायला शिकणं, हे माझ्या मते या दोन वर्षांतलं सर्वांत अवघड आणि सर्वांत टिकाऊ शिक्षण आहे. पुढे संसारात, नोकरीत तेच कामाला येतं.

जोडीची शिस्त बारीकसारीक गोष्टींतही भिनलेली असते. मिशनची गाडी मागे घ्यायची असेल तर न चालवणाऱ्याने खाली उतरून मागे उभं राहायचं आणि हाताने दिशा दाखवायची. पावसात, बर्फात, रिकाम्या पार्किंगमध्येसुद्धा. सायकल असेल तर हेल्मेट आलंच. उजव्या पायाची पँट पट्टीने बांधायची, नाहीतर चेन कापड खाते, आणि पाठीवर जड पुस्तकं वाहायची नाहीत. बूट मात्र जाड तळव्याचे आणि दोन जोड हवेत, आलटूनपालटून घातले तर वाळतात आणि जास्त टिकतात. पैशांची रक्कम महिन्याला कार्डावर येते. पहिल्या आठवड्यात बाहेर खाल्लं की शेवटच्या आठवड्यात नुसता भात. ज्या जोड्या आठवड्याची खरेदी एकत्र करतात आणि एकत्र शिजवतात त्यांचं सहसा निभतं.

आठवड्यातला एक दिवस तयारीचा, ‘पी-डे’. कपडे धुणं, केस कापणं, खरेदी, साफसफाई, घरी ईमेल. फेब्रुवारी २०१९ पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, नाताळला आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याला करता येतो. काही जुन्या लोकांना ही ढिलाई वाटते. मला तसं वाटत नाही. सहा महिने दडपून ठेवलेल्या घराच्या ओढीपेक्षा आठवड्याला अर्धा तास आईशी बोलणं केव्हाही निरोगी. मात्र फोननंतरचा तास मोकळा ठेवू नये. फोन ठेवल्याबरोबर घर जास्तच आठवतं, म्हणून लगेच बास्केटबॉल, नाहीतर कपड्यांच्या घड्या.

सर्वांत मोठा धोका आकड्यांचा. दर आठवड्याला किती नवे लोक, किती जण रविवारी आले, किती बाप्तिस्मे (चर्चमध्ये प्रवेशाचे विधी), हे वर कळवायचं असतं. काही देशांत दोन वर्षांत एकही बाप्तिस्मा होत नाही, काही ठिकाणी डझनावारी होतात. हे बरंचसं नेमणुकीच्या जागेवर ठरतं, आणि तरी मुलगा शून्य हा आकडा स्वतःच्या श्रद्धेचं मोजमाप समजतो. परिपूर्णतेचा हट्ट धरणारी मुलं इथे लवकर मोडतात. चर्चने २०१३ साली ताणाबद्दल एक पुस्तिका काढली, तिच्यात हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे चार रंग आहेत. हिरवा म्हणजे जमतंय, लाल म्हणजे मदत लगेच हवी. जोडीदाराने रात्री ‘आज कुठला रंग?’ एवढं विचारलं तरी बरंच कळतं. झोप उडाली, जेवण सुटलं तर वाट न पाहता मिशन अध्यक्षांना कळवावं. लवकर घरी परतणं हा काही गुन्हा नाही, आणि परतलेल्याला शेजारपाजाऱ्यांनी तसं वाटू देऊ नये.

आपल्याकडचा धागाही जुना आहे. १८५२ साली ह्यू फिंडले हा स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरला, विरोध सोसला आणि पुढे पुण्यात छावणीच्या भागात काम केलं. ते प्रयत्न काही वर्षांतच थांबले. आज बंगळुरू आणि नवी दिल्ली इथे मिशन केंद्रं आहेत.

परदेशातल्या मराठी घरांच्या दारात ही जोडी कधीतरी येतेच, म्हणून थोडं कामाचं. घरात एकटी बाई असेल तर दोघं मुलगे आत येणार नाहीत, आग्रह करू नका. चहा-कॉफी चालत नाही, आलं-वेलची घातलेला मसाला चहाही नाही. लिंबू सरबत, कोकम, ताक आनंदाने घेतील. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपास असतो, पाणीसुद्धा नाही, तेव्हा त्या दुपारी ताट वाढू नका. बोलायचं नसेल तर पहिल्याच वाक्यात तसं सांगा. ‘पुढच्या आठवड्यात या’ असं भिडेखातर म्हटलं तर ते वहीत लिहून घेतील, आणि पुढच्या आठवड्यात सायकलवरून खरंच येतील.