फुलपाखरं बघाया आला व्हय?

गणपती गेले आणि पाऊस जरा मागे सरला की मला सासवडकडे जायची हुक्की येते. यंदा निमित्त फुलपाखरांचं होतं. मैत्रिणीने नवीन कॅमेरा घेतलाय आणि तिला ब्लू मॉर्मनच हवं होतं, म्हणजे आपलं राज्य फुलपाखरू, 2015 साली तसं जाहीर झालंय आणि असं करणारं महाराष्ट्र देशात पहिलं. मराठीत त्याला राणी पाकोळी म्हणतात, इतकं गोड नाव असून आम्ही दोघी दिवसभर ब्लू मॉर्मन ब्लू मॉर्मन करत फिरलो, असो.

उत्साहाच्या भरात साडेपाचला निघालो, दिवे घाट चढून उजाडता उजाडता ओळखीच्या काकूंच्या शेतावर हजर, दवात बूट चिंब, आणि फुलपाखरू एक नाही! पक्षी बघायच्या सवयीने गेलो, पण फुलपाखरांना ऊन लागतं, पंख तापल्याशिवाय ती उडतच नाहीत. मग काय, बांधावर बसून पोह्यांचा डबा संपवला, काकूंचा चहा झाला, नऊ वाजले आणि मग कुठून कुठून निघाली.

मला वाटलेलं दसऱ्यासाठी लावलेल्या झेंडूवर गर्दी असणार. होती, नाही असं नाही, पण खरी गर्दी टाकळ्यात, बांधावरच्या रुईपाशी आणि ठिबकची नळी गळत होती तिथल्या चिखलात. पिवळी-पांढरी पंधरावीस तरी असतील, पंख मिटून, सोंडा चिखलात खुपसून बसलेली. क्षार शोषतात म्हणे आणि त्यात बहुतेक सगळे नर. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हंजी पारावर बसल्यात जनू."

सीताफळाच्या बागेत 'टेल्ड जे' नावाचं फुलपाखरू दिसलं, काळ्यावर पोपटी ठिपके. त्याच्या अळ्या सीताफळाचीच पानं खातात. पण हे बेणं फुलावर बसलं तरी पंख हलवायचं थांबत नाही, चाळीस फोटो काढले, चाळीसही फोटोत हिरवट धूर. राणी पाकोळी तर आलीच नाही. मैत्रीण घाट उतरेपर्यंत गप्प.

पण माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं. काकू आधी हसल्या होत्या, "पुण्यावरनं फुलपाखरं बघाया आला व्हय?" आणि मग मला लिंबापाशी घेऊन गेल्या. पानावर पक्ष्याची शी पडलेली. नीट बघितलं तर ती अळी! शेजारी मोठी झालेली एक, हिरवीगार गुबगुबीत. काकूंनी तिला काडी लावली तशी डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर, आणि काय तो उग्र वास. "येचून येचून हात दुखत्यात," काकू म्हणाल्या. ही लिंबावरची फुलपाखरं कढीपत्त्यावरही अंडी घालतात. म्हणजे बाल्कनीतल्या कुंडीतली "घाण झालेली" पानं मी इतकी वर्षं तोडून डस्टबिनमध्ये टाकतेय ती.

घरी आल्या आल्या मोबाईलचा टॉर्च लावून कुंडी बघितली. तीन होत्या.

सकाळी आई स्वयंपाकघरातून ओरडली, फोडणी जळतेय, कढीपत्ता आण लवकर. मी चप्पल घातली आणि शेजारच्या काकूंची बेल वाजवली.