सव्वा महिना कुठून धरायचा?

बाळाला नवजात कधीपर्यंत म्हणायचे, याचे उत्तर आमच्या खात्याच्या कागदांवरही एकच नाही. जन्मानंतरचे पहिले २८ दिवस हा नवजात काळ, ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या प्रशिक्षणात पाठ होते. आशाताईंच्या गृहभेटी मात्र ३, ७, १४, २१, २८ अशा होत ४२ व्या दिवशी संपतात, आणि श्वास मोजताना दोन महिने पूर्ण होईपर्यंतच्या बाळाला निराळा निकष लावला जातो. घरोघरी चालतो तो सव्वा महिना. दिवस भरून जन्मलेल्या, धडधाकट बाळाच्या बाबतीत या सीमा एकमेकींच्या आड येत नाहीत, त्यामुळे त्यांची चर्चाही होत नाही. आटपाडी तालुक्यात मी आरोग्यसेविका म्हणून काम करते तिथे एका बाळाच्या बाबतीत त्या आड आल्या.

मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. जावई गलाईच्या व्यवसायात, कोइमतूरला. आमच्या भागातले अनेक कर्ते पुरुष असेच सोन्याचांदीच्या भट्टीमागे परराज्यांत पांगलेले असतात आणि घरातले निर्णय म्हाताऱ्या माणसांवर येतात. मुलीला ३१ व्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या. बाळ १४५० ग्रॅमचे झाले. श्वासाला आधार म्हणून त्याला सुरुवातीचे काही दिवस ऑक्सिजन द्यावा लागला आणि नवजात अतिदक्षता कक्षातून ते २५ व्या दिवशी १६०० ग्रॅम वजन घेऊन घरी आले. पाचवी राहिली, बारसेही राहिले. सगळे सव्वा महिन्यानंतर करायचे, असे घरात ठरले होते.

२८ व्या दिवसाच्या भेटीला गेलेल्या आशाताईंचा सकाळीच फोन आला. कार्डाच्या कोपऱ्यात दुसऱ्या दिवशीची तारीख घालून ‘डोळे तपासणी’ असे लिहिलेले होते आणि बाळाची आजी त्याला उंबऱ्याबाहेर काढायला तयार नव्हती. मी लगेच निघाले.

खोली अंधारी, पण उबदार होती. बाजेखाली शेगडी होती, कोपऱ्यात शेपा-ओव्याच्या धुरीचा वास रेंगाळत होता. बाळाचे अंगरखे सरकवून मी पूर्ण एक मिनिट श्वास मोजला. ५२ भरला. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला हा चालतो, धोका धरायचा तो ६० पासून. त्यापुढच्या बाळाला ५० झाले तरी आम्ही दवाखान्याची वाट दाखवतो. तळपाय गरम होते, बाळ दूध नीट ओढत होते. आजीने सगळे निगुतीने केले होते. धूर तेवढा बंद करायला मी सांगितले.

“बाई, तुमी म्हणता ते खरं असंल,” त्या म्हणाल्या, “पर सव्वा म्हैना झाल्याबिगर कवळं लेकरू शिवंभाईर न्ह्यायचं न्हाई. थंडी बघा की कसली हाय. आन् डोळ्यांला काय झालंय त्याच्या? दिव्याकडं बघतंय की टुकूटुकू.”

सव्वा महिन्याला मी अंधश्रद्धा मानत नाही. बाळंतिणीला विश्रांती, बाळाला ऊब, पाहुण्यांची वर्दळ कमी, हेच तर आम्हीही सांगत असतो, आणि जंतुसंसर्गाने बाळे दगावत असतील अशा काळात कुणातरी शहाण्या बाईनेच हा नियम घालून दिला असेल. अडचण नियमाची नव्हती, या बाळाची होती. बाळाच्या आजींना मी मावशी म्हणते. त्यांना मी समजावले, की डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या मधून कडेकडे वाढत जातात आणि ते काम दिवस भरत येईपर्यंत चालू असते; बाळ लवकर बाहेर आले की ती वाढ मध्येच खुंटते, मग वेड्यावाकड्या नव्या वाहिन्या फुटू लागतात आणि पडदा ओढला जाऊन सुटू शकतो. ऑक्सिजन जास्त लागलेल्या बाळांना हा धोका अधिक असतो. बाहेरून डोळा अगदी स्वच्छ दिसतो, आणि बाहुलीत पांढरे दिसू लागते तेव्हा हातातली वेळ गेलेली असते. म्हणूनच ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे ३० दिवसांच्या आत तपासायचे असतात; फारच लहान बाळांचे तर त्याहून आधी.

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मी आशाताईंच्या वहीतून पाळीची तारीख काढून बाजेच्या कडेवर बसून हिशेब मांडला: आज बाळाला ३५ आठवडे झाले, म्हणजे दिवस भरायला अजून ५ आठवडे आहेत.

“म्हंजी अजून प्वाटातच असायचं त्ये?” मावशींनी विचारले. मी हो म्हणाले.

“मग त्याचा सव्वा म्हैना धरायचा कुठनं? जलमला तवापासनं, का दिस भरत्याल तवापासनं?”

इतका नेमका प्रश्न मला प्रशिक्षणातही कुणी विचारला नव्हता. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला दोन वये असतात. लसी आणि ही डोळ्यांची तपासणी जन्मतारखेवर चालते. बाळ हसेल कधी, मान धरेल कधी, बसेल कधी, हे मात्र दोन वर्षांचे होईपर्यंत दिवस भरण्याच्या तारखेपासून मोजायचे, नाहीतर चांगले वाढणारे मूलही मागे पडल्यासारखे वाटते. हे मी सांगितले तसे त्या उठल्या आणि म्हणाल्या, “मग प्वाटातल्यावानीच न्हेऊया की त्याला.”

जावयाला फोन झाला. त्याने लगेच होकार दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे १०२ ची गाडी दारात आली तेव्हा मावशींनी बाळाला टोपी आणि लंगोट एवढ्यावरच लेकीच्या उघड्या छातीशी उभे धरले होते आणि वरून जुन्या लुगड्याचे दोन पदर आवळून शाल गुंडाळली होती. आम्ही ज्याला कांगारू पद्धत म्हणतो ती हीच. बाळाची मान एका बाजूला आणि नाक मोकळे आहे एवढेच मी पाहिले. डोळ्यांत काजळ घालायला त्यांचे बोट पुढे आले होते; मी नको म्हटल्यावर त्यांनी ते तळपायाला लावले. भिवघाटाच्या पुढे गार वारा लागला तेव्हा गाडी थांबवून मी बाळाची काख तपासली. ऊब टिकून होती.

मिरजेत नेत्रतज्ज्ञांकडे बाहुल्या मोठ्या होण्यासाठी थोड्या थोड्या वेळाने थेंब घातले गेले. तपासणीच्या आधी पोट भरलेले नको म्हणून दूध तासभर आधी पाजून झाले होते. मग बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळले, बधिरतेचा थेंब घातला आणि पापण्या एका बारीक तारेच्या चिमट्याने उघड्या ठेवल्या. डॉक्टरांच्या डोक्याला बांधलेल्या दिव्याचा उजेड भिंगातून त्या डोळ्यात शिरला तेव्हा बाळ अंग ताणून रडले. त्याची आई आधीच बाहेर गेली होती. मावशी दाराशी उभ्या राहिल्या, पण हलल्या नाहीत. एकेका डोळ्याला दोन-तीन मिनिटे लागली असतील.

दोन्ही डोळ्यांत दुसऱ्या टप्प्याचा आजार निघाला. तो पुष्कळदा आपोआप ओसरतो, पण वाढू लागला तर झपाट्याने वाढतो, म्हणून डॉक्टरांनी आठ दिवसांनी पुन्हा बोलावले. या वेळी समजावण्याची गरज पडली नाही. गाडी सांगितली का, हे मावशींनीच दोनदा विचारून घेतले. ३६ व्या दिवशी आजार पुढे सरकलेला दिसला आणि लेझर ४८ तासांच्या आत करायला हवे, असे सांगण्यात आले. ते दुसऱ्याच दिवशी झाले. सव्वा महिना अजून पुरा व्हायचाच होता.

४२ व्या दिवशी आशाताईंनी गृहभेटींचा फॉर्म पूर्ण केला. त्याच दिवशी बाळाला ३७ आठवडे झाले, म्हणजे त्या दिवशी जन्मले असते तर त्याला अपुऱ्या दिवसांचे कुणी म्हटले नसते. दीड महिन्याच्या लसी जन्मतारखेप्रमाणे वेळेवर दिल्या. लेझरनंतरच्या तपासण्यांमध्ये दोन्ही पडदे जागेवर असल्याचे दिसले. अशा मुलांना पुढे चष्मा किंवा तिरळेपणा येण्याची शक्यता असते, त्यामुळे शाळेत जाईपर्यंत तपासण्या चालू ठेवाव्या लागतील, हे त्याच्या वडिलांनाही फोनवर सांगितले. मावशींनी बारशाची तारीख दिवस भरण्याच्या तारखेपासून बारावी धरली, म्हणजे जावयालाही कोइमतूरहून यायला सवड मिळाली.