तुम्ही विचारलंत म्हणून: वारलीत अवघड ते काय?

कार्यशाळा संपत आली की हात पुसता पुसता कुणीतरी विचारतंच. "सर, दोन त्रिकोण आणि चार काड्या. आमची सहावीतली मुलगीसुद्धा काढते. मग वारली चित्रं काढणाऱ्या जिव्या सोमा म्हसेंना पद्मश्री कशाबद्दल?" विचारणारा खवचट नसतो. कुर्त्यांवर, कपांवर, सोसायटीच्या कंपाउंडवर वारली इतकी दिसते की माणसाला तो रबरी शिक्का वाटतो.

पूर्वी मी पुरस्कार मोजून दाखवायचो. १९७६चा राष्ट्रीय पुरस्कार, २०११ची पद्मश्री, शिवाय १९८९ला पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमधल्या मोठ्या प्रदर्शनात चित्रं. समोरचा मान डोलवायचा आणि शंका घेऊनच घरी जायचा. हल्ली मी त्याच्या हातात बांबूची काडी देतो, टोक ठेचून कुंचल्यासारखी केलेली, आणि म्हणतो, मासे धरायचं जाळं काढा.

म्हसेंची जाळ्यांची चित्रं तुम्ही पाहिली असतील. कागदभर जाळं पसरलेलं आणि त्याच्यापुढे माणूस अगदी एवढासा. तसं एक जाळं मीही काढायला घेतलं होतं, डहाणूकडच्या एका पाड्यावर. मी वारली नाही, चित्रकलेचा मास्तर. हात बसलेला आहे असा माझा समज होता. तांदळाचं पीठ पातळ झालं की ओघळतं, घट्ट झालं की वाळून पापुद्रा सुटतो, हे पहिल्या तासात कळलं. दुसरी गोष्ट उशिरा कळली. रेघ ओली असताना धड दिसतच नाही, वाळल्यावर पांढरी उमटते. म्हणजे काढताना आपण अर्धे आंधळे. दोन तास मान मोडून मी घरं भरली, सगळी सारखी, सगळी सरळ. शेजारी बसलेले काका स्वतः जाळं टाकणारे. त्यांनी कागद आडवा धरला, उभा धरला आणि विचारलं, "यात मासा शिरणार कुठून?"

मी जाळं नव्हे, खिडकीची जाळी काढली होती.

म्हसेंचं जाळं मोकळं सोडलेलं वाटतं. कुठे घरं दाटतात, कुठे सैल पडतात, आणि त्याला वजन आहे हे डोळ्यांना कळतं. त्यांच्या माणसांचंही तेच. चेहरा नाही, डोळे नाहीत. वरचा त्रिकोण खालच्यावर नुसता टेकलेला. तो किती कलतो यावर बाई भात लावतेय की डोक्यावर हंडा घेऊन निघालीय, ते ठरतं. सगळं कसब त्या कमरेच्या सांध्यात. तारपा नाचाच्या चित्रात असे कितीतरी सांधे एकामागून एक वळत जातात. आपली मुलगी काढते तो त्रिकोण छानच असतो, फक्त तो उभा राहतो. चालत नाही.

हा हात आला कुठून? त्यांचा जन्म १९३४चा, तलासरी तालुक्यातला. आयुष्य गेलं डहाणू तालुक्यातल्या कळंबीपाड्यात. लहानपणी आई गेली आणि पोराची वाचाच बसली. मग ते धुळीत चित्रं काढून बोलायचे, असं सांगतात. कुणाही कलावंताबद्दल असल्या कथा सांगितल्या जातात, म्हणून मी जरा जपूनच सांगतो. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. वारल्यांमध्ये भिंतीवर चित्र निघायचं ते मुख्यतः लग्नाला. गेरूने सारवलेल्या कुडावर चौक, म्हणजे नक्षीची चौकट, आणि चौकात पालघट ही लग्नाची देवी. सण-लग्न नसेल तर काडी हातात धरायचं कारण नाही. म्हसे मात्र कुठल्याही मुहूर्तावाचून रोज काढायला लागले. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन पाड्यांवर आले तेव्हा हा हात तयार होता. मग २०१८च्या मे महिन्यात ते गेले तोवर शेत, मुंग्या, पाखरं, जाळी, काही सुटलं नाही. हे रोज बसणं माझ्याकडून महिनाभरही झालेलं नाही.

काडी दिली की बहुतेकांचा प्रश्न मिटतो. एकदा मात्र आठवीतल्या एका मुलीने जाळं अर्धवट ठेवून वेगळंच विचारलं. लग्नाचा चौक बायका काढायच्या ना, मग त्यांतल्या कुणाला पद्मश्री का नाही? निदान नावं तरी सांगा. मी सांगितलं, चौक सवाशिणीच काढायच्या, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी पुजारीण, गाणी म्हणायची, चौकावर सही नसायची आणि पुढच्या सारवणात तो जायचा. ती म्हणाली, "हो, पण नावं?"

मला एकही सांगता आलं नाही.