भुताला गाव असावे लागते

भय आणि विनोद यांची सांगड घालणाऱ्या चित्रपटांची सध्या रेलचेल आहे. परभणीसारख्या शहरात राहणाऱ्या माझ्यासारख्या हौशी प्रेक्षिकेला त्यांतले बरेचसे कधी चित्रपटगृहात, तर कधी घरी टीव्हीवर किंवा मोबाईलवर पाहायला मिळतात. अलीकडे असे काही नवे आणि काही जुने चित्रपट लागोपाठ पाहण्यात आले आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले. भूत कोणत्या गावचे, कोणाच्या घरचे आणि कशासाठी अडून बसलेले आहे हे ज्या चित्रपटात नीट कळते, त्यात भीतीही वाटते आणि हसूही येते. ज्यात ते कळत नाही, त्यात नुसत्या कानठळ्या बसतात.

आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट २०२४च्या जून महिन्यात आला आणि त्यातले भूत कोकणातले आहे. मुंज झालेला मुलगा लग्नाआधीच गेला तर त्याचा मुंजा होतो आणि तो पिंपळावर राहतो, ही समजूत मात्र कोकणापुरती नाही. आमच्याकडे शेताच्या बांधावर झाडाखाली शेंदूर लावलेला मुंजा असतो, त्याच्यापुढे नारळ फुटतो, आणि परभणी-हिंगोलीकडच्या खेड्यांत तर मुलांची नावेच मुंजाजी आणि मुंजाभाऊ अशी ठेवलेली आढळतात. ज्या नावाची माणसे मतदार यादीत सापडतात, त्या नावाच्या भुताला पडद्यावर पाहून घाबरावे कसे, हा आमच्यापुढचा खरा प्रश्न होता. माझ्या आत्याने तो एका वाक्यात निकालात काढला. मध्यंतर व्हायच्या आतच ती म्हणाली, “हा कुठला मुंजा बाई, हे तर हट्टाला पेटलेलं लेकरू हाय.”

आत्याचे म्हणणे मला पटले आणि तरीही चित्रपट आवडला, कारण त्याची गंमत त्या हट्टातच आहे. लग्न राहून गेलेला हा मुलगा मेल्यानंतरही लग्नाचाच धोशा लावतो आणि ज्याच्या मागे लागतो त्या भित्र्या तरुणाला साधे ‘नाही’ म्हणता येत नाही. संगणकावर घडवलेला मुंज्या जवळून आणि भरपूर उजेडात दिसू लागला की त्याची भीती उरत नाही. तो झाडाच्या मुळांत, अर्धवट अंधारात आणि नुसत्या आवाजातून जाणवतो, तोवरच अंगावर काटा येतो. सुहास जोशी यांनी केलेली आजी मला सर्वांत आवडली. त्या बोलू लागल्या की घरातल्याच कोणाबद्दल तरी बोलणे चालले आहे असे वाटते, आणि भुताविषयी असेच बोलले जाते हे आमच्या पिढीने ऐकलेले आहे. हा चित्रपट मराठीत का झाला नाही, ही रुखरुख मात्र मला शेवटपर्यंत राहिली. खर्चाचे आणि बाजाराचे गणित मला कळते, परंतु कोकणातले घर सोयीसाठी हिंदी बोलू लागते तेव्हा भुताचा पत्ता थोडा पुसट होतोच.

‘स्त्री’ हा २०१८चा चित्रपट आणि ‘स्त्री २’ हा २०२४च्या १५ ऑगस्टला आलेला पुढचा भाग मी लागोपाठ पाहिले, त्यामुळे दोहोंतला फरक ठळकपणे जाणवला. चंदेरी हे गाव मला तोवर केवळ साडीपुरते ठाऊक होते. पहिल्या भागात त्या गावचे पुरुष रात्री एकटे बाहेर पडायला घाबरतात, अंधार पडायच्या आत घरी या असे बायकांना विनवतात, आणि भुताने उद्या यावे अशी विनंती घराच्या भिंतीवर लिहून ठेवतात. एरवी मुलींना ज्या सूचना ऐकाव्या लागतात त्या या चित्रपटात दाढीमिशा असलेल्यांना ऐकाव्या लागतात, आणि त्यावर वेगळा विनोद जोडण्याची गरजच उरत नाही. दुसऱ्या भागात मुंडके नसलेला राक्षस आहे, मारामारी आहे, इतर चित्रपटांतून पाहुणे म्हणून आलेली पात्रे आहेत. पंकज त्रिपाठी बोलायला लागले की मी हसले, पण चंदेरी हे गाव मला पुन्हा सापडले नाही. आवाजही एवढा मोठा होता की शेजारच्या खुर्चीवर कोणी काय म्हटले हे विचारायलाही ओरडावे लागत होते. यातला किती दोष चित्रपटाचा आणि किती चित्रपटगृहाचा, हे मी ठरवत बसले नाही.

या सगळ्यांत मला खरोखर हादरवले ते हसण्याशी काडीचाही संबंध नसलेल्या ‘लपाछपी’ या मराठी चित्रपटाने. विशाल फुरिया यांचा हा चित्रपट २०१७ साली आला होता. तेव्हा माझा राहून गेला होता आणि तो मी आता पाहिला. पूजा सावंत यांनी रंगवलेली गरोदर नेहा नवऱ्याबरोबर शहर सोडून उसाच्या फडाआड असलेल्या एका घरात येऊन राहते आणि त्या घरात उषा नाईक यांची तुळसाबाई तिची सेवा करू लागते. गोष्टीतले रहस्य मी सांगत नाही, मात्र ते मुलीच्या जन्माशी बांधलेले आहे हे सांगितल्यावाचून या चित्रपटाबद्दल काहीच बोलता येत नाही.

मराठवाड्यात बसून हा चित्रपट पाहताना दोन गोष्टी वारंवार आठवत राहतात. पहिली गोष्ट म्हणजे ऊस. डोक्यावर गेलेल्या उसात दोन पावले आत शिरले की बांध दिसत नाही, आलेली वाट दिसत नाही, पाने अंगाला कापतात आणि वारा नसतानाही कुठेतरी सळसळ होत राहते. तिथे भरदिवसासुद्धा जीव घाबरतो, आणि या चित्रपटातले बरेचसे भयही दिवसाउजेडीच घडते. दार करकरणे, दिवा विझणे, आरशात कोणीतरी दिसणे या ठरलेल्या युक्त्यांची गरज दिग्दर्शकाला फारशी पडलेली नाही, कारण फड स्वतःच पुरेसा आहे. दुसरी गोष्ट बीड जिल्ह्याची. २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे तिथे मुलींची संख्या केवळ ८०७ होती, म्हणजे राज्यातली सर्वांत कमी. याच जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे बिऱ्हाड घेऊन उसतोडीला जातात. ऊस आणि न जन्मलेल्या मुली या दोन्ही गोष्टी आमच्याकडे वर्तमानपत्रात वेगवेगळ्या पानांवर छापून येतात, पण या चित्रपटाने त्या एका फडात आणून ठेवल्या. पडद्यावर लहान मुलांची सावली फडात शिरताना दिसली तेव्हा मी दचकले नाही, मला लाज वाटली, आणि भयपटाने एवढे करावे हे मला फार मोठे वाटते. याच दिग्दर्शकाने हीच गोष्ट २०२१ साली ‘छोरी’ या नावाने हिंदीत केली. ती सफाईदार आहे, परंतु मी कोणाला एकच सुचवणार असेन तर मराठी चित्रपट सुचवेन.

‘तुंबाड’ २०२४ साली चित्रपटगृहांत पुन्हा लागला तेव्हा तो पाहायला माझा भाचा मला घेऊन गेला. राही अनिल बर्वे यांच्या या चित्रपटात इतका पाऊस आहे की वाड्याच्या भिंती, माणसांचे कपडे आणि त्यांचे स्वभावही ओले वाटतात. आमच्या भागात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही कधी पडतो, कधी हुलकावणी देतो. त्यामुळे न थांबणारा पाऊस हे संकट आहे हे मनाला पटायला पहिली काही मिनिटे गेली. त्यानंतर मात्र सोन्याच्या मोहापायी पिठाची बाहुली घेऊन वाड्याखाली उतरणारा बाप आणि त्याच्याकडून हाच हव्यास शिकणारा मुलगा पाहताना मी खुर्चीच्या कडेवर होते. इथले भूत म्हणजे हस्तर भुकेला आहे, आणि वर उभी असलेली माणसे त्याच्याहून अधिक भुकेली आहेत. भाच्याला हा चित्रपट संथ वाटला. त्याच्याशी मी वाद घातला नाही, कारण चित्रपट संपल्यावर मोटारसायकलवरून घरी येताना तो नेहमीपेक्षा बराच गप्प होता.

सरपोतदारांचाच ‘झोंबिवली’ हा २०२२चा मराठी चित्रपट डोंबिवलीत झोंबी आणतो आणि त्याच्या मुळाशी पाण्याचा प्रश्न ठेवतो. कल्पना उत्तम आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते, त्यामुळे पाण्यावरून माणसे कशी वागू लागतात हे आम्हाला चित्रपटातून शिकण्याची गरज नाही. अमेय वाघ यांचा भेदरलेला मध्यमवर्गीय गृहस्थ छान जमला आहे. उत्तरार्धात मात्र पळापळ इतकी वाढते की पाणी मागेच राहते.

जुन्यांपैकी महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ टीव्हीवर लागला की आमच्या घरात आजही कामे थांबतात. रामदास पाध्ये यांनी बनवलेला तात्या विंचू ही हाताने घडवलेली, समोर ठेवलेली वस्तू होती आणि लक्ष्मीकांत बेर्डे त्या वस्तूकडे पाहून घाबरत होते, म्हणून आपणही घाबरतो. ‘पछाडलेला’ मला त्याच्या खालोखाल आवडतो. मराठवाड्यातून आलेले मकरंद अनासपुरे ‘झपाटलेला २’मध्ये आहेत. त्यांच्यामुळे आमच्याकडची बोली महाराष्ट्रभर पोहोचली याचा मला आनंद आहे, आणि त्याचबरोबर अनेकांनी ती केवळ हसण्यासाठीच असते असे धरून ठेवले, याचा थोडा रागही आहे.

म्हणूनच मला आता मराठवाड्यातले भूत पाहायचे आहे. विहिरीवर आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता आहेत, शिवारात वाट चुकवणारा चकवा आहे आणि रात्री-अपरात्री शेतात जाण्याचे कारणही तयार आहे, कारण शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते आणि मोटार चालू करायला कोणाला तरी जावेच लागते. आसरांच्या विहिरीवर आज कोणी जायचे यावरून दोन चुलत भावांचे भांडण सुरू झाले, तर पहिला अर्धा तास लेखकाला विनोद शोधावा लागणार नाही. त्या दोघांनी आमच्या बोलीत बोलावे आणि प्रेक्षकांनी त्यांच्या भाषेला न हसता त्यांच्या भित्रेपणाला हसावे, एवढी अट कोणी पाळणार असेल तर पहिल्या खेळाचे तिकीट मी काढीन, आणि आत्यालाही घेऊन जाईन.