मशेरी तंबाखूत धरली नव्हती

तालुक्याच्या गावी दवाखाना चालवताना दाढ काढणे हे माझे जवळजवळ रोजचे काम आहे, तरीही त्या मावशींची खालची दाढ मी विसरू शकत नाही. पंचावन्नच्या आसपासच्या मावशी आल्या तेव्हा दुखऱ्या बाजूला त्यांनी कित्येक दिवस ब्रश लावला नव्हता. हिरडी सुजून लालभडक झाली होती आणि कडेने पू दिसत होता. आजच दाढ काढा, पुन्हा एसटीने येणे जमणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. तो मोडणे माझ्या जिवावर आले. पण पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते, तेथे लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा गुण पुरता येत नाही आणि इंजेक्शन देऊनही कळा सोसाव्या लागतात. म्हणून मी त्यांचे दात साफ केले, औषधे दिली, मऊ ब्रश हलक्या हाताने कसा फिरवायचा ते दाखवले आणि ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची १० मिलीलिटरची चूळ दिवसातून दोनदा मिनिटभर तोंडात खेळवायला सांगितली. सहाव्या दिवशी हिरडी निवळली होती, आणि दुपारी एकाच इंजेक्शनात जबडा बधिर होऊन दाढ सहज निघाली.

निघताना नेहमीच्या सूचना दिल्या: बोळा पाऊण तास दाबून धरा, आज चूळ भरू नका, थुंकू नका, ओठ बधिर आहे तोवर गरम चहा घेऊ नका, उद्यापासून कोमट मीठपाण्याच्या गुळण्या करा आणि तोंड स्वच्छ ठेवा. तंबाखू खाता का, असेही विचारले. "नाही हो मॅडम," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी मावशी कानावर हात दाबून आल्या. रात्रभर डोळा लागला नव्हता. काढलेल्या दाढेच्या खाचेतली रक्ताची गुठळी नाहीशी होऊन हाड उघडे पडले होते, दुर्गंधी येत होती, आणि शेजारच्या हिरडीवरच्या ओरखड्यांत काळी पूड अडकली होती.

"मशेरी लावलीत का?"

"लावली की. त्याच दिवशी संध्याकाळी. तोंड स्वच्छ ठेवा, असं तुम्हीच म्हणालात ना?"

तव्यावर काळा होईपर्यंत भाजून कुटलेला तंबाखू म्हणजेच मशेरी; पण त्यांच्या लेखी ते दात घासण्याचे साधन होते. ओठ व हिरडी अजून बधिर असल्याने बोट किती जोरात फिरले हे त्यांना कळलेच नव्हते. घासल्याने आणि वारंवार थुंकल्याने गुठळी सुटली असावी, आणि निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात त्याचीही त्यात भर पडली असावी. त्यांनी माझे सांगणे मोडले नव्हते, पाळले होते; चूक माझ्या प्रश्नात होती, आणि त्याचे मला फार वाईट वाटले.

खाच कोमट सलाइनने हळुवार धुऊन मी युजेनॉलची, म्हणजे लवंगेच्या तेलातल्या कळ शमवणाऱ्या द्रव्याची, पट्टी भरली. थोड्याच वेळात त्यांचा चेहरा सैलावला. एक दिवसाआड तीनदा पट्टी बदलावी लागली.

सूचनापत्रावरची 'धूम्रपान करू नये' ही ओळ आमच्या भागातल्या बायकांना काहीच सांगत नाही. आता इंजेक्शन भरण्यापूर्वी मी प्रत्येकीला विचारते, "सकाळी दात कशाने घासता?" आणि उत्तर मशेरी आले, तर ती का थांबवायची हे सोबत आलेल्या सुनेला किंवा लेकीलाही समजावते.

मावशींच्या गालाच्या आतल्या बाजूला एक पांढरट चट्टा आहे. मशेरी सोडण्याचे त्यांनी अजून कबूल केलेले नाही. चट्टा दाखवायला मात्र त्या दर तीन महिन्यांनी एसटीने येतात.